जुना एसी काढायचा कधी? लक्ष्मीभुवन चौकातला एक वाद

अण्णांच्या घरचा दीड टनाचा स्प्लिट एसी २०११ सालचा आहे. यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी तो सुरू केला तेव्हा आतला पंखा फिरला, वाराही आला, पण तासाभरानंतरही खोली गार झाली नाही. जवळच्या एका दुकानातून आलेल्या तरुण कारागिराने दहा मिनिटे पाहणी केली. गॅस संपला आहे, कॉइलही (गॅस फिरवणाऱ्या तांब्याच्या नळ्यांची जाळी) गेली असावी आणि पंधरा वर्षांच्या यंत्रावर पैसे घालण्यापेक्षा नवीनच घेतलेले बरे, असे सांगून तो नव्या यंत्रांचे दरपत्रक ठेवून गेला. ते दरपत्रक खिशात घालून अण्णा संध्याकाळी धरमपेठेतल्या लक्ष्मीभुवन चौकाजवळच्या आमच्या कट्ट्यावर आले, आणि तिथे जो वाद सुरू झाला तो दुसऱ्या दिवशीही पुरला. नागपुरातल्या बहुतेक घरांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो आणि बहुतेक घरे तो भर उन्हाळ्यात, घाम पुसत, घाईघाईने सोडवतात. म्हणून तो वाद सविस्तर लिहून ठेवावासा वाटला.

नवीन घ्यावे, या बाजूने सर्वांत आधी बोलले ते बापू. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यामुळे त्यांच्या बोलण्यात आकडे आपोआप येतात. त्यांचे म्हणणे असे की सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे आता थांबण्यात अर्थ नाही. शिवाय अण्णांच्या यंत्रावर पाच तारे असले तरी ते पंधरा वर्षांपूर्वीचे आहेत. त्या काळी पाच तारे मिळवायला ३.१ इतके गुणोत्तर पुरत होते, म्हणजे एक युनिट वीज घेऊन यंत्राने खोलीतली ३.१ युनिट उष्णता बाहेर टाकली की काम झाले. जुलै २०२२ मध्ये आलेल्या तक्त्यात पाच ताऱ्यांसाठी किमान ५ लागत असे आणि एक तारा मिळवायलाही ३.३ लागत असे, आणि त्यानंतर तर निकष आणखी कडक झाले आहेत. "अण्णा, तुमच्या पंचतारांकित यंत्राला आजच्या तक्त्यात एकही तारा मिळणार नाही," असे त्यांनी सुनावले.

मास्तरांना ही तुलना पूर्णपणे मान्य नव्हती. त्यांनी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवले आणि मापन कसे केले हे विचारल्याशिवाय आकडा स्वीकारायचा नाही, ही सवय त्यांनी आम्हालाही लावली आहे. २०११ चे गुणोत्तर बाहेरचे तापमान ३५ अंश धरून एकाच स्थितीत मोजलेले असे, तर २०१८ पासून वापरात असलेले आयसीअर (ISEER) हे गुणोत्तर २४ ते ४३ अंशांपर्यंतच्या वेगवेगळ्या तापमानांना यंत्र कसे चालेल याची वर्षभराची सरासरी असते आणि ती १६०० तासांच्या वापरावर काढलेली असते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. त्यातही नागपूरकरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, असे ते म्हणाले. हा तक्ता ४३ अंशांवर संपतो आणि आपला मे महिना पुष्कळदा तिथेच सुरू होतो. २३ मे २०१३ रोजी तर नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. इन्व्हर्टर यंत्राचा, म्हणजे गरजेप्रमाणे गती बदलणाऱ्या यंत्राचा, गॅस दाबणारा कॉम्प्रेसर मंद गतीने चालतो तेव्हाच खरी बचत होते, आणि बाहेर ४५ अंश असताना वरच्या मजल्यावरच्या खोलीत तो मंद गतीवर उतरायला रात्र व्हावी लागते. नवे यंत्र कमी वीज खाते यात शंका नाही, पण दुकानातल्या चिठ्ठीवर छापलेली बचत आपल्या घरात तितकीच दिसेल असे मानणे बरोबर नाही.

अण्णांचा विरोध वेगळ्या कारणाने होता. त्यांच्याकडे मार्चअखेरीपासून कूलर लागतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत तोच चालतो. एसी लागतो तो मुख्यतः त्यानंतरच्या दमट रात्रींना आणि पाऊस दडी मारतो त्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या दिवसांत. "वर्षातून इतके थोडे दिवस चालणाऱ्या वस्तूसाठी पंचेचाळीस हजार रुपये का मोडायचे?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि माझ्या मते संपूर्ण चर्चेतला तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता.

कूलरचा विषय निघाल्यावर मास्तर थोडा वेळ तिथेच रेंगाळले, आणि ते आवश्यकही होते, कारण मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडून ऐकलेल्या सल्ल्यावर नागपुरात निर्णय घेणे किती चुकीचे आहे हे त्यातूनच कळते. कूलर हवेतला कोरडेपणा वापरतो. बाहेर ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक साधारण २४ अंश दाखवतो. चांगल्या ताट्यांचा, पाणी सारखे झिरपणारा कूलर त्या दोन तापमानांतले जवळजवळ ऐंशी टक्के अंतर कापतो, म्हणजे खोलीत येणारा वारा २८-२९ अंशांचा असतो, आणि हे काम तो दोनशे वॅटच्या आसपासच्या विजेवर करतो. तेच बाहेर ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता झाली की ओला तापमापक २९ च्या पुढे जातो आणि कूलरचा वारा ३०-३१ अंशांचा, वर चिकट दमट होतो. म्हणून नागपुरात मे महिन्याच्या दुपारी जो कूलर राजा असतो, तोच जुलैमध्ये निरुपयोगी होतो. मुंबईत तर तो कधीच कामाचा नसतो. ज्या घरात कूलर नीट राखलेला आहे त्या घरात एसीचे तास बरेच कमी होतात आणि जुन्या एसीचे आयुष्यही वाढते. एसी बदलण्याचा हिशेब कूलरपासून सुरू केला पाहिजे, हे मास्तरांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले.

कूलर नीट राखणे म्हणजे काय, हेही इथे सांगितले पाहिजे, कारण या एका बाबतीत निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. डेंगी पसरवणारा डास टाकीच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, अंडी चिकटवतो. टाकी रिकामी करून कूलर गच्चीवर ठेवला तरी ती अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पुढच्या हंगामात पाणी भरले की फुटतात. महापालिकेचे कर्मचारी कूलर तपासायला येतात ते याचसाठी. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. टाकीच्या आतल्या भिंती ताठ ब्रशने घासाव्या लागतात, हंगाम संपल्यावर एकदा आणि हंगामात दर आठवड्याला. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या दरवर्षी बदलाव्यात. मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार पॅड असतील तर त्यांवर साचलेला पांढरा क्षार पाहून ठरवावे, कारण तो थर पाणी झिरपू देत नाही आणि वाराही अडवतो. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांच्या पॅडवर तो फार लवकर चढतो.

पहिल्या संध्याकाळच्या शेवटी मास्तरांनी अण्णांना आणि बापूंना एक काम सांगितले. घरातली बाकीची सगळी उपकरणे बंद करून फक्त एसी चालू ठेवायचा आणि विजेच्या मीटरवरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे. मीटरवर एका युनिटमागे किती लुकलुक, हा आकडा छापलेला असतो. समजा तो १६०० आहे आणि मिनिटाला ४८ लुकलुक झाल्या, तर तासाला २८८० झाल्या आणि यंत्र त्या क्षणी १.८ किलोवॅट घेत आहे. जुने यंत्र मध्ये मध्ये बंद होते, म्हणून रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचा आकडा लिहून ठेवला, आणि फ्रीज व पंख्यांचा अंदाज त्यातून वजा केला, की तासाची खरी सरासरी हाती येते. दुकानदार, शेजारी आणि जाहिरात यांच्यापेक्षा हा आकडा अधिक विश्वासाचा असतो आणि त्यासाठी एक रुपयाही पडत नाही.

अण्णांना हे काम करता येण्यासाठी त्यांचे यंत्र आधी चालू व्हायला हवे होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते भाऊंनी चालू केले. भाऊ आमच्या कट्ट्यावर सर्वांत कमी बोलतात. पण पंचवीसेक वर्षे ते एसी दुरुस्तीचेच काम करत आले आहेत आणि त्यांचे हात पाहिले तरी ते कळते. त्यांनी बाहेरच्या युनिटचे झाकण उघडले तेव्हा पंखा फिरत होता, कॉम्प्रेसर मात्र नुसता गुणगुणून बंद पडत होता. कॉम्प्रेसरला सुरू होताना विजेचा झटका देणाऱ्या छोट्या कॅपॅसिटरच्या डोक्यावर त्यांनी बोट फिरवले. जे सपाट असायला हवे ते फुगून वर आले होते. काही शे रुपयांचा तो भाग बदलल्यावर कॉम्प्रेसर पहिल्याच झटक्यात सुरू झाला. मग त्यांनी गॅसचा दाब मोजणारा गेज लावला. दाब थोडा कमी होता, पण संपलेला नव्हता. तांब्याच्या बारीक नळीच्या जोडाशी, फ्लेअर नटाभोवती, काळ्या तेलकट धुळीचे एक कडे दिसत होते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही थोडे थोडे बाहेर येते आणि त्यावर धूळ बसते, त्यामुळे गळतीची जागा पुष्कळदा डोळ्यांनीच सापडते, असे त्यांनी समजावले. तिथे साबणाचे पाणी लावल्यावर बारीक बुडबुडे आले.

हे सगळे त्यांनी संध्याकाळी कट्ट्यावर सांगितले तेव्हा बापूंनी लगेच विचारले की एवढे सोपे होते तर त्या मुलाने कॉइल गेल्याचे कसे सांगितले. भाऊंनी कोणाला दोष दिला नाही. एका दिवसात बारा-पंधरा घरे करायची असतात, गेज लावायला आणि थांबायला वेळ नसतो, आणि विक्री झाली तर मोबदला मिळतो, एवढेच ते म्हणाले. परंतु ग्राहकाने स्वतःसाठी एक नियम पाळावा, असे त्यांचे कळकळीचे सांगणे होते. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. नळ्या बंद असतात आणि तोच गॅस वर्षानुवर्षे आत फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरून देणारा कारागीर, तो कितीही गोड बोलत असो, आपले पैसे हवेत सोडत असतो. गळती शोधायची तर नळ्यांमध्ये नायट्रोजन दाबाने भरून काही तास काटा स्थिर राहतो का ते पाहावे लागते, आणि दुरुस्तीनंतर पंप लावून आतली हवा व ओल पूर्ण खेचून काढावी लागते. पंप न आणता थोडा गॅस सोडून नळी 'साफ' करणाऱ्याला काम देऊ नये, कारण आत राहिलेली ओल पुढे कॉम्प्रेसरलाच खाते.

इथे बापूंनी त्यांचा सर्वांत जोरदार मुद्दा मांडला, आणि तो खरोखर वजनदार होता. अण्णांच्या यंत्रात आर-२२ हा गॅस आहे. ओझोनच्या थराला इजा करणारा म्हणून माँट्रियल करारानुसार तो बंद होत चालला आहे. भारतात २०३० पर्यंत त्याचे उत्पादन जवळजवळ थांबायचे आहे आणि त्यानंतर फक्त जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरता अगदी थोडा साठा राहणार आहे. तेव्हा आज दुरुस्त केलेल्या यंत्राला चार-पाच वर्षांनी गॅस मिळेल का, आणि मिळाला तर काय भावाने? अण्णांनी विचारले, नवा आर-३२ गॅस जुन्या यंत्रात घालता येणार नाही का? भाऊंनी मान जोरात हलवली. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो, त्याला वेगळ्या जातीचे तेल लागते आणि तो काही अंशी ज्वलनशीलही आहे. जुन्या यंत्रात तो भरण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो, पण तो धोक्याचा आहे आणि कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी करू नये.

मला स्वतःला वाटते की आर-२२ चा मुद्दा बापूंच्या बाजूने जितका जातो तितकाच अण्णांच्या बाजूनेही जातो. आपल्याकडे वीज बहुतांशी कोळशापासून येते. त्या विजेच्या एका युनिटमागे जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो त्याच्याशी तुलना केली, तर एक किलो आर-२२ हवेत सुटल्याने होणारे नुकसान सुमारे अडीच हजार युनिट वीज जाळण्याएवढे भरते, कारण तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट तापमान वाढवणारा आहे. अण्णांच्या यंत्रात साधारण एक किलो गॅस असेल. तो गळू दिला तर गुन्हा, आणि यंत्र मोडीत काढताना सोडून दिला तरी तितकाच गुन्हा. जोपर्यंत तो आत सुरक्षित फिरतो आहे तोपर्यंत काही बिघडत नाही. म्हणून ज्या यंत्राची गळती बाहेरच्या जोडाशी आहे आणि पक्की बंद करता येते, ते यंत्र घाईने काढण्याचे कारण नाही.

मग मास्तरांनी आकडे जुळवले. अण्णांनी त्या दिवशी मीटर पाहून काढलेली यंत्राची सरासरी तासाला सव्वा युनिट आली. तेवढीच खोली नवे पाच ताऱ्यांचे यंत्र, नागपूरचे हवामान धरून, तासाला ०.८ युनिटच्या आसपास गार ठेवील असे धरले. बचत झाली तासाला ०.४५ युनिट. अण्णांचे तास वर्षाला सहाशे. म्हणजे २७० युनिट वाचले. महावितरणचे दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात आणि एसीचे युनिट नेहमी वरच्या टप्प्यात मोजले जातात, म्हणून वहन आकार आणि वीज शुल्क धरून त्यांनी युनिटला चौदा रुपये लावले. वर्षाची बचत पावणेचार हजारांच्या आसपास आली. बसवण्यासकट पंचेचाळीस हजारांचे यंत्र या बचतीतून फिटायला जवळपास बारा वर्षे लागतील, आणि नव्या यंत्राचे पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, मधल्या काळात एकदाही जळले नाही तरच. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या भागात आणि जिथे बाहेरच्या युनिटमध्ये पाली व उंदीर शिरतात तिथे पीसीबी जळणे नवीन नाही, आणि हमीची मुदत संपल्यावर त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो, अशी पुस्ती भाऊंनी जोडली.

बापूंनी यावर स्वतःच्या घरचा हिशेब मागितला, आणि इथे चर्चेला वळण मिळाले. त्यांचा एसी २०१६ चा, म्हणजे अण्णांच्या यंत्राहून पाच वर्षांनी तरुण. पण त्यांची सून घरूनच नोकरीचे काम करते, त्यामुळे तो मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत दिवसाही चालतो. वर्षाचे तास अठराशेच्या घरात. त्याच ०.४५ युनिटच्या फरकाने ८१० युनिट, म्हणजे अकरा हजारांहून जास्त रुपये वाचतात आणि नवे यंत्र चार वर्षांत फिटते. त्यातच त्या यंत्राची आतली कॉइल दर उन्हाळ्यात गळते. त्यांची इमारत नाग नदीच्या काठाला लागून आहे. नदीतून वाहणाऱ्या सांडपाण्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांब्याला काळे पाडतो आणि हळूहळू पोखरतो. भाऊंनी सांगितले की नदीकाठच्या आणि मोठ्या नाल्यांलगतच्या घरांत तांब्याच्या नळीवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडलेली त्यांना नेहमी सापडतात. एक झाळले की त्याच्या शेजारी दुसरे उघडते. अशा कॉइलवर पैसा घालणे थांबवावे, आणि नवे यंत्र घेताना कॉइलच्या पातळ धातूच्या पट्ट्यांवर (फिनवर) आणि नळ्यांवरही गंजरोधक लेप आहे ना, हे विचारून घ्यावे. फक्त पट्ट्यांवरचा निळा लेप नळीला वाचवत नाही.

म्हणजे पंधरा वर्षांचे यंत्र राहिले आणि दहा वर्षांचे गेले. यंत्राच्या वयावरून निर्णय घेणाऱ्याला हे उलटे वाटेल. पण वर्षाला चालण्याचे तास, गळतीची जागा आणि कॉम्प्रेसरची तब्येत हे तीन प्रश्न आधी विचारले तर दुसरे उत्तर येत नाही. कॉम्प्रेसरच गेला असता तर अण्णांनाही मी नवे घ्या असेच सांगितले असते, कारण जुन्या यंत्रात नवा कॉम्प्रेसर बसवण्याचा खर्च मोठा असतो आणि हाती उरते ते जुनेच यंत्र.

बापूंनी सौर विजेचा मुद्दाही काढला. त्यांच्या इमारतीतल्या काही जणांनी गच्चीवर पॅनेल बसवली आहेत आणि वीज फुकटच आहे तर जुना एसी का बदलायचा, असे ते म्हणतात. मास्तरांचे उत्तर थोडक्यात असे होते की नेट मीटरिंगमध्ये जे युनिट घरात जळत नाही ते खात्यात जमा होते, म्हणून पॅनेलमधून आलेल्या युनिटलाही किंमत असते. मला त्यात अधिक सांगण्यासारखे काही दिसत नाही.

गिझरचा प्रश्न याच जातीचा असल्यामुळे तोही तिथल्या तिथे निघाला. अण्णांच्या गिझरच्या टाकीला दुसऱ्यांदा छिद्र पडले होते. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्यातले क्षार टाकीच्या पोलादाऐवजी त्या कांडीला खातात आणि कांडी संपली की टाकीकडे वळतात. बोअरवेलच्या पाण्यावर ती दोन-अडीच वर्षांत झिजून तारेएवढी होते. ती बदलायला फार खर्च येत नाही, पण ती बदलायची असते हे कोणी घरी सांगत नाही. एवढ्या एका कारणाने चांगले गिझर भंगारात जातात.

ताई दुसऱ्या संध्याकाळी उशिरा आल्या. त्या वास्तुविशारद आहेत आणि अण्णांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. सगळा हिशेब ऐकून त्यांनी विचारले, "अण्णा, तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहता. तुमच्या गच्चीवर काय आहे?" गच्चीवर जुनी काळपट पडलेली सिमेंटची लादी होती. ताईंचे म्हणणे असे की दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो, आणि वरच्या मजल्यावरचा एसी, तो नवा असो की जुना, बहुतेक वेळ खोलीतल्या हवेशी झगडतच नाही, तो त्या स्लॅबशी झगडत असतो. लोक त्यावर उपाय म्हणून दीड टनाऐवजी दोन टनांचे यंत्र घेतात. त्याऐवजी गच्ची पांढरी करावी. चुन्यात चिकटद्रव्य मिसळून दोन हात दिले तरी फरक पडतो, फक्त तो दर उन्हाळ्याआधी पुन्हा द्यावा लागतो. उष्णता परतवणारा तयार रंग महाग पडतो, पण काही वर्षे टिकतो. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरसबंदी सर्वांत टिकाऊ. हे काही नवीन शोध नाहीत. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. महाराष्ट्रात विदर्भाला त्याची गरज सर्वांत जास्त असताना आपल्याकडे नव्या इमारतींच्या गच्च्या अजूनही काळ्या डांबरी पत्र्याने झाकल्या जातात, हे सांगताना ताईंचा आवाज चढला होता, आणि तो चढणे योग्य होते.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. अण्णांच्या इमारतीत चार घरांची बाहेरची युनिटे एकाच अरुंद डक्टमध्ये एकावर एक बसवली आहेत. खालच्या युनिटने टाकलेली गरम हवा वरचे युनिट ओढते, त्यामुळे अण्णांच्या यंत्राला बाहेरचे तापमान ४४ असताना पन्नासच्या पुढचे वाटते. कॅपॅसिटर फुगण्याचे कारण बहुधा तेच असावे, असे भाऊही म्हणाले. गच्चीवर सावलीत स्टँड करून युनिट वर नेले तर नळी थोडी वाढेल, पण यंत्र मोकळा श्वास घेईल. भाऊंनी त्याचा खर्च तीन-चार हजार सांगितला. नवे यंत्र घेऊन त्याच डक्टमध्ये बसवले असते तर तेही तितकेच तापले असते, आणि याबद्दल दरपत्रकात एक ओळही नव्हती.

अण्णांनी तिथेच ठरवले. नटाचा जोड नवा करायचा, नायट्रोजनने तपासायचे, पंप लावून नळ्या कोरड्या करायच्या, जितका गॅस कमी आहे तितका वजन करून भरायचा, युनिट गच्चीवर न्यायचे आणि गच्ची सोसायटीने पांढरी करायची. एसी २४ अंशांवर ठेवून सोबत छताचा पंखा मंद चालवावा, असेही मास्तरांनी सुचवले, कारण ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या म्हणण्याप्रमाणे तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. सोसायटीचा खर्च कोणी किती द्यायचा यावर मात्र एकमत झाले नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी गच्चीच्या रंगाचे पैसे का द्यावेत, हा प्रश्न बापूंनी उभा केला आणि ताईंनी स्वतः खालच्या मजल्यावर राहत असूनही आपला वाटा द्यायची तयारी दाखवली. तो विषय सोसायटीच्या बैठकीवर सोडला.

राहिला बापूंचा जुना एसी. दुकानदार तो बदल्यात घ्यायला तयार होता. ताईंनी विचारले, तो घेऊन दुकानदार काय करणार? भाऊंनी खरे ते सांगितले. बहुतेक वेळा तो भंगारवाल्याकडे जातो, भंगारवाला तांब्यासाठी नळी कापतो आणि उरलासुरला गॅस तिथेच हवेत जातो. ई-कचऱ्याच्या नियमांत एसी येतो आणि तो नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हवा, पण बदलीच्या व्यवहारात ते कोणी विचारत नाही. भाऊ यंत्र काढताना बारीक नळीची झडप बंद करून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतात आणि मग दुसरी झडप बंद करतात, तेवढे ते नेहमीच करतात. पण तो गॅस तिथून काढून सिलिंडरमध्ये भरण्याचे यंत्र त्यांच्याकडे नाही, आणि एका एसीसाठी ते भाड्याने आणणे परवडत नाही. मास्तरांनी मोजले तर कट्ट्याच्या आसपासच्या घरांतच या उन्हाळ्यात निघणारे आणखी तीन-चार जुने एसी होते. ते सगळे एकाच दिवशी काढायचे ठरले, तर भाऊ ते यंत्र एका दिवसासाठी आणू शकतात आणि खर्च वाटून घेता येतो. बापूंनी दुकानात फोन करून नवा एसी एक आठवडा उशिरा पाठवायला सांगितले आणि जुन्याची बदली रद्द केली.